ज्याची पडताळणी, त्याचाच नियम : बिटकॉइनच्या इतिहासातील विसरलेले पात्र

१/ बिटकॉइनचा इतिहास सहसा दोनच पात्रांभोवती फिरवला जातो : अज्ञात निर्माता सातोशी नाकामोतो आणि प्रचंड यंत्रे चालवणारे मायनर. घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर स्वतःचा नोड चालवणाऱ्या माणसाला ‘हौशी’ म्हणून बाजूला सारले जाते. हे कथन चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरावे क्रमाने पाहू. 🧵

२/ आधी व्याख्या. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकपासूनची सगळी खातेवही उतरवून घेऊन तिच्यातील प्रत्येक नोंद स्वतः तपासणारा संगणक म्हणजे पूर्ण नोड. सही खरी आहे का? तेच नाणे दोनदा खर्चले गेले का? ठरल्याहून अधिक नाणी पाडली गेली का? मायनर ब्लॉक रचतो. तो स्वीकारायचा की नाही, हे प्रत्येक नोड स्वतंत्रपणे ठरवतो.

३/ इतिहासाच्या वाचकांना हा भेद नवा नाही. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदांना मान दिला, तो का, हे आपण जाणतो. दुसऱ्याच्या सर्व्हरला विचारून ‘पैसे मिळाले’ असे सांगणारे मोबाइल वॉलेट ही बखर आहे. ती खरी असू शकते. पण ती खरी आहे हे तुम्ही तपासलेले नसते.

४/ पहिला पुरावा, ४ जुलै २०१५. सह्यांविषयीचा अधिक कडक नियम (बीआयपी ६६) नुकताच लागू झाला होता. एका लहान मायनरने जुन्याच पद्धतीचा ब्लॉक काढला. काही मोठ्या मायनरांनी वेळ वाचवण्यासाठी तो न तपासताच त्यावर पुढचे ब्लॉक चढवले. पाहता पाहता सहा अवैध ब्लॉकांची साखळी तयार झाली.

५/ सहा पुष्टी मिळाल्या की व्यवहार पक्का, हा तेव्हाचा रूढ संकेत. अद्ययावत पूर्ण नोड असलेल्यांनी ती साखळी आपोआप नाकारली. हलक्या वॉलेटवर विसंबलेल्यांना मात्र नेहमीपेक्षा ३० पुष्टी अधिक थांबण्याचा सल्ला द्यावा लागला, म्हणजे सुमारे पाच तास. गिऱ्हाइकाला दुकानात पाच तास बसवून ठेवणार का?

६/ दुसरा पुरावा, २०१७. २३ मे रोजी ‘न्यूयॉर्क करार’ जाहीर झाला. २२ देशांतील ५८ कंपन्या आणि ८३ टक्क्यांहून अधिक हॅशिंग शक्ती पाठीशी असल्याचा दावा. आधी सेगविट, मग सहा महिन्यांत ब्लॉकची मर्यादा दुप्पट. कंपन्या आणि मायनर एकत्र आले म्हणजे निकाल लागला, असेच अनेकांनी गृहीत धरले.

७/ दुसरीकडे सामान्य वापरकर्त्यांनी बीआयपी १४८ चालवायला घेतले : १ ऑगस्टपासून सेगविटला पाठिंबा न देणारा ब्लॉक आमचा नोड घेणार नाही. सेगविट २४ ऑगस्टला लागू झाले. करारातील दुसरा भाग मात्र पुरेशी सहमती नसल्याचे सांगत आयोजकांनीच ८ नोव्हेंबरला मागे घेतला.

८/ आक्षेप येईल : बीआयपी १४८ चालवणारे अल्पसंख्य होते, आणि भाड्याने हजार संगणक घेऊन हजार नोड कोणीही उभे करू शकतो. दोन्ही खरे. म्हणूनच नोड म्हणजे मत नव्हे. येथे डोकी मोजली जात नाहीत, नकाराचे वजन मोजले जाते. ज्या नोडच्या भरवशावर कोणी पैसे स्वीकारत नाही, त्याच्या नकाराने कोणाचेच अडत नाही.

९/ या तर्काचे टोक पाहा. शोभेच्या शंभर नोडांपेक्षा रोज पैसे स्वीकारणाऱ्या एका छोट्या दुकानदाराचा नोड मोलाचा. वारंवार पैसे घेणाऱ्या व्यवसायांना स्वतःचे नोड चालवावेसे वाटतील, हे सातोशीच्या २००८ च्या निबंधातच नमूद आहे. २०१७ च्या याच वादातून निकोला दोरिए यांचा बीटीसीपे सर्व्हर जन्मला. त्याद्वारे व्यापारी मध्यस्थाविना, स्वतःच्या नोडवर पैसे घेऊ शकतो.

१०/ किंमत लपवू नये. खातेवही आज ६०० जीबीच्या पुढे गेली आहे. छोटा संगणक, एक-दोन टीबीची एसएसडी आणि अखंड इंटरनेट लागते. पहिल्या पडताळणीला काही दिवस जाऊ शकतात. तपासलेले जुने ब्लॉक पुसणाऱ्या ‘प्रून’ पद्धतीत जागा बरीच कमी लागते. मोबदला शून्य. आणि खासगी किल्ली हरवली, तर नोड ती परत देत नाही.

११/ बदल्यात काय मिळते? तुमचे पत्ते आणि शिल्लक परक्या सर्व्हरला कळत नाही. आणि उद्या कोणी नियम बदलू पाहिले, तर तुमच्या संमतीवाचून ते तुमच्या दुकानात लागू होत नाहीत.

१२/ बिटकॉइन घ्या, असे मी म्हणत नाही; नोड चालवायला ते घ्यावेही लागत नाही. पण जे स्वीकारतात आणि ‘विकेंद्रित’ हा शब्द अभिमानाने मिरवतात, त्यांना एकच प्रश्न : तुमच्या वतीने नियम कोण तपासतो? उत्तर एखाद्या कंपनीचे नाव असेल, तर तुम्ही जुनीच पेढी नव्या पाटीखाली चालवत आहात. (समाप्त)