वस्तू आहेत, सांगणारा हवा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचा हंगाम सुरू होतो आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून निघालेल्या एस. टी. गाड्या आमच्या शहराकडे वळतात. देवगिरीचा किल्ला, वेरूळ, खुलताबाद, मकबरा आणि पाणचक्की हे सारे एका दिवसात उरकण्याचा प्रघात आता पक्का झाला आहे. मुले धावत चढतात, धावत उतरतात, डबे खातात, छायाचित्रे काढून घेतात आणि परतताना गाडीत झोपी जातात. त्यांनी पाहिलेले पुष्कळ असते; पण त्यांना कोणी काही दाखविलेले मात्र नसते. बाहेरगावच्या मुलांची ही कथा. छत्रपती संभाजीनगरातच वाढणाऱ्या मुलांची स्थिती याहून फारशी निराळी आहे, असे आम्हांस छातीठोकपणे सांगता येत नाही.

वस्तूंची वानवा आमच्याकडे नाही. महानगरपालिकेचे छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचे पुराणवस्तुसंग्रहालय येथे आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय सोनेरी महालात आहे, आणि तो महाल स्वतःच एक प्रदर्शनीय वस्तू होय. औरंगजेबाबरोबर दक्षिणेत आलेल्या एका बुंदेला सरदाराने तो सतराव्या शतकात बांधला. १९५८ साली स्थापन झालेल्या आमच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने मराठवाड्यातील उत्खननांचे साहित्य जपले आहे. पैठणला बाळासाहेब पाटील आणि तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांतूनच पुढे तेथील शासकीय संग्रहालये उभी राहिली. इतके वैभव ज्या प्रदेशाच्या पदरी आहे त्याने दारिद्र्याची तक्रार करू नये.

परंतु वस्तू मुकी असते. तिला वाचा फोडणारा माणूस शेजारी नसेल, तर काचेच्या कपाटातील खापर आणि रस्त्यावरील खापर यांत मुलाला भेद तो काय दिसणार? इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथेही मिळाल्या आहेत. भोकरदनचे उत्खनन १९७३ साली झाले. पैठण आणि तेर येथील माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे एका प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. पाठ्यपुस्तकातील सातवाहनांचे प्रकरण मुले परीक्षेपुरते घोकतात. पण आपल्या शेजारच्या तालुक्याचा आणि रोमन जगाचा असा व्यवहार होता, हे कोणी समजावून दिले, तर ते प्रकरण त्यांना पुन्हा घोकावे लागणार नाही.

जी गोष्ट संग्रहालयाची तीच वास्तूंची. मकबऱ्यासमोर नेऊन ‘हा गरिबांचा ताज’ एवढे सांगितले, की आमच्या गाईडचे काम संपते. वस्तुतः तेथे हिशेबाचा, राजनीतीचा आणि स्थापत्याचा धडा एकत्र देता येईल. शाहजादा आझमशहाने आईसाठी बांधलेल्या या वास्तूचा खर्च जुन्या तवारिखेत ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. संगमरवर कोठे संपतो आणि चुन्याची गिलाई कोठे सुरू होते, हे मुलांनी स्वतः शोधले, तर दिल्लीच्या तिजोरीची कथा त्यांना भिंतीवरच वाचावयास मिळेल. पाणचक्कीवर मुले कारंजे पाहून परत फिरतात. शहराबाहेरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इतक्या दूर कसे आणले, ते उंच कसे चढविले, याचा उलगडा त्यांना होत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरासाठी नहर बांधली. नळाला रोज पाणी न येण्याची सवय झालेल्या नागरिकांच्या मुलांना तर हा धडा अगत्याने द्यावयास हवा!

याहूनही मोठे कारण आहे. या शहरात इतिहास हा अभ्यासाचा विषय कमी आणि घोषणांचा विषय अधिक झाला आहे. खडकी, फत्तेनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नावे या भूमीने धारण केली; प्रत्येक नावाबरोबर अभिमानाच्या आणि जखमांच्या स्मृती आहेत. खुलताबादेतील कबरीच्या वादातून १७ मार्च २०२५ रोजी दूर नागपुरात दंगल उसळली, हे आपण पाहिले. जेथे पुरावा पाहण्याची सवय नसते, तेथे अफवा हाच पुरावा ठरतो. पालिकेच्या संग्रहालयात शस्त्रे, चिलखते आणि जुनी पैठणी यांच्याच सोबतीला औरंगजेबाच्या हस्ताक्षरातील म्हणून दाखविली जाणारी कुराणाची प्रत आहे. हे हस्ताक्षर त्याचेच, हे कशावरून ठरवावयाचे? कागद, शाई, लिपी, नोंद यांची परीक्षा कशी करतात? असे विचारावयास शिकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणालाही हेच विचारील. इतिहास नाजूक आहे म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवावे, असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर हेच, की तो नाजूक आहे म्हणूनच जाणत्याच्या हातून त्यांना मिळाला पाहिजे.

हे अशक्य आहे काय? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसगाडीतच फिरते संग्रहालय थाटून ते शाळांच्या दारी नेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले असून, ऐतिहासिक स्थळांच्या भेटींचाही पुरस्कार केला आहे. आमच्या शहरातही इतिहासप्रेमी मंडळी अलीकडे वारसाफेऱ्या काढतात. त्यांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. पण रविवारी सकाळी हौसेने येणारा सुशिक्षित नागरिक आणि महापालिकेच्या शाळेतील मूल यांच्यात जे अंतर आहे, ते केवळ हौशी प्रयत्नांनी भरून निघणारे नाही.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक संग्रहालयात पहारेकऱ्याइतकाच आवश्यक समजून एक शिक्षक नेमावा. विद्यापीठातील इतिहासाच्या आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन, मानधनावर, मराठी, हिंदी आणि उर्दू या भाषांत फेऱ्या चालविण्याचे काम द्यावे. कागदोपत्री सिद्ध काय आणि दंतकथा कोणती, हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर असावे. शहरातील प्रत्येक शाळेचा प्रत्येक वर्ग वर्षातून एकदा तरी एकाच ठिकाणी अर्धा दिवस थांबावा. पाच ठिकाणी धावण्यापेक्षा ते शतपटीने हितकारक. पैशाची सबब आम्हांस मान्य नाही. दरवाजांवर दिव्यांच्या माळा सोडण्यास पैसा मिळतो, तर त्या दरवाजांविषयी दोन शब्द सांगणाऱ्या माणसाच्या मानधनासाठीही तो मिळाला पाहिजे.

बावन्न दरवाजांचे म्हणून मिरविणाऱ्या या शहरात आज त्यांतील मोजकेच दरवाजे उभे आहेत. बाकीचे गेले ते एका दिवसात नव्हे. आपण काय गमावतो आहो याची जाण नसलेल्या पिढ्यांच्या डोळ्यांदेखत ते गेले. उरलेले राखावयाचे, तर दगडांच्या डागडुजीबरोबरच ही जाण निर्माण करण्याचे काम हाती घ्यावे लागेल, आणि ते येत्या शैक्षणिक वर्षापासूनच घ्यावे, अशी महापालिका, विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते या तिघांकडे आमची मागणी आहे.