मेघाला बर्फाचे भय नव्हते

कालिदासाच्या यक्षाने मेघाला वाट वाकडी करून आमच्या उज्जयिनीवरून हिमालयात धाडले. त्या दूताला बर्फाचे भय नव्हते. १९०३-०४ मध्ये यंगहजबंडची इंग्रजी मोहीम तिबेटात शिरली, तेव्हा तिचे टपाल मात्र हाडामांसाच्या हलकाऱ्यांनी वाहिले. वाटेत सिक्कीमच्या सीमेवरची, सुमारे १४,००० फूट उंचीची जेलेप ला खिंड. मोहिमेने ल्हासा १९०४ मध्येच सोडले. ग्यांत्से, फारी, यातुंग येथील भारतीय टपालकचेऱ्या मात्र १९५५ पर्यंत चालल्या. इतिहासाने मोहिमेच्या नायकाचे नाव जपले. हलकाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? वाचकहो, मुलुखाबाहेर पत्रांच्या आधारे पिढ्या काढलेल्या आम्हां मराठी कुटुंबांनी तरी पत्राइतकेच ते आणणाऱ्याचेही ऋण मानावे.