हद्दीचा वाद नको, गुन्हा नोंदवा

रस्त्यावरील वादातून झालेल्या मारहाणीत न्यायाची पहिली परीक्षा पोलीस ठाण्यातच होते आणि नंदुरबार जिल्ह्यातील ज्या नवापूरचे रेल्वेस्थानकही महाराष्ट्र व गुजरातमध्ये विभागले आहे, तेथे हद्दीचा प्रश्न हमखास उभा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, फिर्याद हद्द न पाहता घ्यावीच लागते. साधी दुखापत मात्र अदखलपात्र असल्याने, हाड मोडले की नाही हे सांगणारे वैद्यकीय प्रमाणपत्रच पुढची दिशा ठरवते. पतियाळातील १९८८ च्या अशाच प्रकरणात नवज्योतसिंग सिद्धू यांना वर्षभराची कैद होण्यास २०२२ उजाडले. याच जिल्ह्यातील धडगावच्या आदिवासी फिर्यादीला इतकी प्रतीक्षा पेलवणारी नाही. नंदुरबार पोलिसांनी फिर्यादीची विनामूल्य प्रत त्याच दिवशी त्याच्या हाती द्यावी.