खंडेनवमीचे पिस्तूल

भेस्तान हे उधना आणि सचीन यांच्या मधले स्टेशन. बडोद्याहून मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशाला ते खिडकीतून दिसले न दिसले तोच मागे पडते. सचीनला निदान इतिहास तरी आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एकाला ते संस्थान 1791 साली मिळाले. भेस्तानला तसले काही नाही. तिथे यंत्रमाग आहेत, शेजारच्या पांडेसऱ्यात रंगाई-छपाईचे कारखाने आहेत, पोटासाठी खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी माणसे आहेत, आणि आमचे मावसभाऊ नाना आहेत. नाना विणाई खात्यातून निवृत्त झाले, आणि त्यांच्याजवळ वडिलांच्या मागे वारसाहक्काने परवान्यावर आलेले एक पिस्तूल आहे.

पिस्तूल वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, .32 चे. त्यावर मुकुट आणि 'एम. पी.' ही अक्षरे उमटवलेली आहेत. लंडनमध्ये सिडनी स्ट्रीटवर 1911 च्या जानेवारीत जी चकमक झाली, तिच्यानंतर तिथल्या महानगर पोलिसांनी ही जातीची पिस्तुले घेतली, आणि आपल्या मालावर ही खूण केली. नोकरीतून निघालेला असा सरकारी माल पुढे जगभर पांगला. काकांनी हे मुंबईत वापरलेले म्हणून घेतले होते. साऱ्या घराला त्याचा अभिमान.

दोन वर्षांमागे खंडेनवमीला मी तिथे होतो. पाटावर पिस्तूल मांडलेले, वर हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचे फूल. शेजारी नवेकोरे चामडी होल्स्टर, त्यावर मोर कोरलेला, पितळी बटण लखलखीत. नाना म्हणाले, "कसे आहे? खास करून घेतले." मी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड मागे ओढली. ती मागे गेली आणि तिथेच राहिली. पुढे येईना.

"नाना, हे कधीपासून?"

"अरे, असेल मागच्या दिवाळीपासून. वापरायचे कुठे आहे?"

आणि हेच पिस्तूल रात्री भरून उशाखाली! घरात दोन नातवंडे. चोर आला तर उपयोगाचे नाही आणि पोरांच्या हाती लागले तर भरवशाचे नाही, अशी ही वस्तू वर्षभर 'संरक्षणा'साठी जवळ होती.

शस्त्राची पूजा आपल्याकडे मनापासून होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती पाटावरून उचलल्यानंतरच्या अकरा महिन्यांची. वेब्लीच्या या पिस्तुलात स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग गुंडाळीची नसते. इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पट्टी उजव्या बाजूच्या मुठीच्या फळीखाली बसवलेली असते. पूजेचे हळदकुंकू आणि पाणी झिरपते ते नेमके तिथेच. सुरतेची पावसाळी हवा उरलेले काम करते. फळी उघडली तेव्हा आत तांबूस चिखल होता आणि पट्टी कोपऱ्यात दुभंगलेली.

नानांची दुसरी एक समजूत सांगतो, कारण ती पुष्कळांची आहे. मॅगझिन भरून ठेवले की त्यातली स्प्रिंग 'मरते', म्हणून ते दर आठवड्याला गोळ्या काढून पुन्हा भरीत. चांगल्या पोलादाची स्प्रिंग मर्यादेत दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. थकते ती वारंवार दाबण्या-सोडण्याने. म्हणजे जपणूक म्हणून चाललेली कवायतच तिला झिजवीत होती. मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडली की शेवटच्या गोळ्या वर येताना अडतात. स्लाइडची स्प्रिंग ढिली पडली की स्लाइड सांगाड्यावर आदळू लागते, आणि हौसेने गरजेपेक्षा कडक घातली तर स्लाइड पुरती मागे जात नाही व रिकामे काडतूस तोंडाशीच अडकते. अमेरिकेत वुल्फ कंपनी जुन्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा दाबाचे पौंड लिहून विकते, ते याचसाठी. स्प्रिंग म्हणजे मापाची वस्तू आहे, अंदाजाची नव्हे.

नानांनी तुटलेला तुकडा ओळखीच्या एका माग-मिस्त्रीला दाखवला. मागाच्या स्प्रिंगा वळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने तुकडा उजेडात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, हे वळायचे काम नाही. याला पाणी द्यावे लागते. जास्त झाले तर काचेसारखी तुटेल, कमी झाले तर वाकलेलीच राहील. माझ्याने होणार नाही." आपल्याला काय येत नाही हे जाणणारा तो कारागीर मला परवान्याच्या मालकापेक्षा अधिक जबाबदार वाटला. शिवाय कायदाही तेच सांगतो. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो आणि शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात.

राहिले होल्स्टर. मोर सुंदर होता, पण चामडे मऊ आणि तोंड रुंद. असे चामडे वापराने लोळागोळा होते, काठ आत दुमडतो, आणि पिस्तूल परत घालताना तोच काठ घोड्यावर दाब देऊ शकतो. होल्स्टर निवडताना पाहायचे ते इतकेच: ते त्याच पिस्तुलाच्या मापाचे हवे, घोडा पुरता झाकणारे हवे, आणि उलटे धरून हलवले तरी पिस्तूल पडता कामा नये. जुन्या बाजारात 1937 च्या नमुन्याची लष्करी कॅनव्हासची पाकिटे मिळतात. ती रिव्हॉल्व्हरसाठी शिवलेली, चपटे पिस्तूल त्यांत खुळखुळते. आणि होल्स्टर हे बाळगण्यासाठी असते, साठवणीसाठी नव्हे. चामडे ओल धरते आणि कमावताना राहिलेले क्षार लोखंडाला खातात. ठेवायचे तर तेलाच्या फडक्यात, रिकामे, कुलपात.

वेब्लीचे नाव भारतात पुन्हा आले आहे. 2020 साली उत्तर प्रदेशातल्या संडीला येथे .32 च्या रिव्हॉल्व्हरची तयारी जाहीर झाली. पण रिव्हॉल्व्हरचा नानांच्या पट्टीला काय उपयोग? माझे मत मी नानांना स्पष्ट सांगितले: परवानाधारक कारागिराकडून दुरुस्त करून घ्या, चाचणी झाल्याखेरीज गोळी भरू नका, नाही तर रीतसर जमा करा. मधला मार्ग नाही. नाना दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पावती घेऊन पिस्तूल कारागिराच्या स्वाधीन करून आले.

पट्टी घडवायला वेळ लागणार होता. गेल्या खंडेनवमीला फोन केला तेव्हा वहिनी हसत सांगत होत्या की पाटावर यंदा नुसते होल्स्टर मांडले आहे, आणि मोराच्या डोक्यावर कुंकू लावायला नातवंडांची भांडणे चालली आहेत.