वाचलेला तास कोणाचा?

चार्ली चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’ या १९३६ सालच्या चित्रपटात कामगाराला जेवू घालणारे एक यंत्र आहे. कामगाराने जागेवरच जेवावे, जेवणाच्या सुट्टीत जाणारा वेळ वाचावा आणि उत्पादन वाढावे, हा त्या यंत्राचा हेतू. यंत्र बिघडते, मक्याचे कणीस चॅप्लिनच्या तोंडावर गरगरा फिरू लागते आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. मालक ते यंत्र नाकारतो. परंतु ते अमानुष आहे म्हणून नव्हे, तर व्यवहार्य नाही म्हणून. खरा इशारा तेथेच आहे. उद्या असे यंत्र व्यवहार्य ठरले तर?

शरीरात बसवलेल्या यंत्रातून ठरावीक मात्रेत पोषण आपोआप मिळावे आणि माणसाची रोजच्या जेवणातून सुटका व्हावी, अशी कल्पना आज मांडली जात आहे. असे यंत्र अद्याप अस्तित्वात नाही. पण त्यामागचे शास्त्र नवे नाही. शिरेवाटे संपूर्ण पोषण देऊन शरीराची वाढही साधता येते, हे फिलाडेल्फियातील डॉ. स्टॅन्ली डड्रिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवून दिले. आतडे निकामी झालेले असंख्य रुग्ण त्यामुळे वाचले. मधुमेही रुग्णाला इन्सुलिन देणारे पंपही सर्वपरिचित आहेत. या संशोधनाचे मोल कोणताही पुरोगामी माणूस नाकारणार नाही. मात्र दीर्घकाळ शिरेवाटे पोषण घेणाऱ्यांना नळीतून होणारा जंतुसंसर्ग आणि यकृताचे विकार यांचा धोका असतो. रुग्णाच्या बाबतीत हा धोका पत्करावा लागतो, कारण दुसरा मार्ग नसतो. धडधाकट माणसाने तो का पत्करावा? ‘वेळ वाचतो’ हे त्यावरचे उत्तर. म्हणून वाचलेला तास कोणाच्या पदरात पडणार, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

जेवणाची सुट्टी ही काही मालकांची देणगी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे मागणीपत्र तयार केले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १८९१ च्या कायद्याने ती अर्ध्या तासाची सुट्टी मान्य केली. सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीशिवाय करून घेता येणार नाही, असे बंधन पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने घातले. त्या अर्ध्या तासात डबा उघडला जातो, पाठ टेकली जाते आणि चार माणसे एकत्र बसून मुकादमाच्या कानाआड बोलतात. अनेक संघटनांची पहिली बैठक डब्याभोवतीच भरलेली आहे. जेवण गेले की सुट्टीचे कारण गेले, आणि कारण गेले की सुट्टीही जाईल.

यंत्र बसवणे ऐच्छिक राहील, असे सांगितले जाईल. पोटासाठी राबणाऱ्याची ‘इच्छा’ म्हणजे काय, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघड झाले, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या स्त्रियांच्या हाती कोणी बेडी घातली नव्हती. परंतु डोक्यावर उचल होती, खाड्याचा दंड होता, फडात ना आडोसा होता ना पाणी. कामाची रीत बदलण्याऐवजी बाईचे शरीरच कामाच्या मापाने कापले गेले. जेथे नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, तेथे न जेवणारा मजूर मिळू लागला तर जेवणाऱ्याला काम कोण देईल?

दुसरा प्रश्न मालकीचा. चरबी हा सर्वांत सघन आहार. तिच्या एका ग्रॅमातून ९ कॅलरी मिळतात. दिवसाच्या २,००० कॅलरींसाठी केवळ चरबी घेतली तरी सव्वादोनशे ग्रॅम लागेल. म्हणजे शरीरातील यंत्र वारंवार भरावे लागणार आणि ते भरणारी कंपनी माणसाच्या पोटाची मालकीण होणार. इन्सुलिनच्या संशोधकांनी १९२३ साली पेटंटाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला एकेक डॉलरला दिले. तरीही शंभर वर्षांच्या आत अमेरिकेतील रुग्णांवर किमतीपायी मात्रा पुरवून वापरण्याची वेळ आली. त्याच देशात डोळ्यांत कृत्रिम दृष्टीचे यंत्र बसवलेल्या अंधांना २०२० च्या सुमारास निर्मात्या कंपनीने वाऱ्यावर सोडले. यंत्र शरीरात राहिले, ते दुरुस्त करणारे उरले नाहीत. भाकरी एका दुकानात महाग झाली तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. पोटातला पंप घेऊन तो कोठे जाणार?

या कल्पनेच्या बाजूने एक मुद्दा मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. जेवणातला आनंद जो खातो त्याचा. चूल, धूर, खरकटे आणि पहाटेचा गजर हे बाईच्या वाट्याचे. स्वयंपाकातून सुटका हवी, असे एखादी गृहिणी म्हणाली तर तिला संस्कृतीचे पाठ देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तिची सुटका जेवण संपवून नव्हे, तर ते काम वाटून घेऊन व्हावयास हवी. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ‘अन्नपूर्णा’ संस्थेत एकत्र आणले, तेव्हा चुलीपाशी एकट्या राबणाऱ्या बाईला पत मिळाली आणि संघटनाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजवलेलेच अन्न देण्याचा आदेश दिला. एका पंगतीत बसलेली मुले केवळ उष्मांक घेत नाहीत. शेजारी कोणत्या जातीचा बसला आहे हे न विचारता जेवावयास शिकतात. ज्या देशात रोटीबंदी हा जातीचा पहारा होता, तेथे सहभोजनाची किंमत कॅलरीत मोजता येत नाही.

तेव्हा भूमिका स्पष्ट असावी. आजारी माणसासाठी असे प्रत्येक यंत्र हवे, तेही सार्वजनिक रुग्णालयात, त्याच्या खिशाकडे न पाहता. निरोगी श्रमिकाच्या शरीरात कामाच्या सोयीसाठी यंत्र नको, आणि कोणत्याही नोकरीची ती अट तर मुळीच नको. कार्यकर्त्यांनी त्यासाठी उद्याच्या यंत्राची वाट पाहू नये. दुचाकीवर घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला स्वतः जेवावयास निश्चित वेळ व जागा नाही. फडातल्या बाईला आडोसा नाही. लोखंडे यांनी मागितलेला अर्धा तास त्यांच्यापर्यंत अजून पोहोचावयाचा आहे. लढ्याची सुरुवात तेथूनच झाली पाहिजे.