यादीतली नवी नावं

संक्रांत तोंडावर आली की आमच्या घरी एक जुनी वही कपाटातून बाहेर निघते. हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं, वाण काय नि किती आणायचं, हे दरवर्षी त्या वहीत लिहून ठेवायची माझी सवय. यंदा मागची यादी समोर ठेवून नवी लिहायला बसले आणि मोजता मोजता थांबले. सात नावं अशी होती की गेल्या संक्रांतीला मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते! लेक वहीत डोकावून म्हणाली, ‘‘आई, या वयात तुला इतक्या मैत्रिणी कुठून मिळाल्या गं?’’

तिनं गमतीनं विचारलं, पण प्रश्न मनात राहिला. मैत्रिणींनो, तुम्हीही एकदा आठवून बघा. चाळिशीनंतर नवी मैत्रीण तुम्हाला शेवटची कधी मिळाली?

आमची नवी मुंबई म्हणजे पाहुण्यांचं गाव. आगरी-कोळी मंडळींची गावठाणं इथली मूळची, बाकी आम्ही सगळे नंतर आलेले. सिडकोची स्थापना १९७० सालची, आणि खाडी ओलांडून रेल्वे वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. कुणी साताऱ्याहून आलं, कुणी जळगावहून, कुणी कोकणातून. मी लग्न होऊन नेरूळला आले तेव्हा समोरच्या दाराचं नाव वाचायलाही मला दोन महिने लागले होते. मग मुलं शाळेत गेली आणि शाळेच्या फाटकापाशी ओळखी झाल्या. पण तिथं मी ‘अमक्याची आई’ होते. मुलं मोठी झाली, फाटक सुटलं आणि त्या ओळखीही सुटल्या. बचत गटांच्या कामामुळे रोज पन्नास बायकांशी बोलणं होतं. पण स्वतःच्या मनातलं बोलायला त्यातली एकही नव्हती, हे खरं सांगायला हवं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी तक्रार केली म्हणून सकाळी तळ्याकाठी फिरायला जाऊ लागले. तिथं चौघीजणी भेटल्या. आधी नुसतं हसणं, मग ‘आज उशीर झाला का?’, मग बाकावर बसून डब्यातल्या चटणीची देवाणघेवाण. त्यातली एक सातारकडची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. २ नोव्हेंबर २०२५ला महिला विश्वचषकाची अंतिम लढत आमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली, तेव्हा या सगळ्या माझ्या घरी जमल्या होत्या. स्टेडियम इतकं जवळ की तिथला जल्लोष खिडकीतून आधी यायचा आणि टीव्हीवर विकेट नंतर दिसायची! सांगलीत वाढलेली स्मृती मानधना खेळत होती, म्हणून ताईंना तर माहेरची पोर खेळतेय असंच वाटत होतं. मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या मुलींनी ५२ धावांनी सामना जिंकला आणि आम्ही चाळिशी-पन्नाशीच्या बायका दिवाणखान्यात फुगडी घालत होतो. घरचे बघतच राहिले.

पण मैत्रीची खरी ओळख त्याआधीच, पावसाळ्यात झाली होती. अंघोळ करताना हाताला स्तनात एक गाठ लागली. वस्तीवस्तीत जाऊन ‘बायांनो, तपासणी करून घ्या, अंगावर काढू नका’ असं सांगणारी मी, स्वतःची वेळ आली तेव्हा पंधरा दिवस गप्प बसले. घरात सांगितलं नाही. सण तोंडावर, मुलीची परीक्षा, यांना ऑफिसचा ताण... कारणं काय, हवी तेवढी सापडतात.

एका रात्री अकरा वाजता मी ते लिहिलं, तेही जिला कधी पाहिलं नाही अशा एका बाईला. पुस्तकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची ओळख झालेली. ती बार्शीची. कादंबऱ्यांवरून सुरू झालेलं बोलणं लोणच्याच्या फोडींपर्यंत आलं होतं, इतकंच. पाच मिनिटांत तिचं उत्तर आलं, ‘अगं, तपासलंस तर रिपोर्ट येईपर्यंत भीती. नाही तपासलंस तर रोजचीच भीती.’ तिची स्वतःची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली होती, हे मला त्या रात्री कळलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिचा एकच प्रश्न यायचा, ‘नंबर लावलास का?’ चौथ्या दिवशी लाज वाटून लावला.

ती चारशे किलोमीटरवर. सोबत कोण येणार? तळ्याकाठी ताईंना सांगितलं. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, ‘‘खुळी का काय तू? एकटी जायची नाहीस. मी येते.’’ केसपेपरच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या, माझी पर्स आणि बांगड्या त्यांनी सांभाळल्या, सुई टोचून तपासणी चालली होती तेव्हा त्या दाराबाहेर बसून होत्या. घरी आल्यावर यांना सांगण्याचा धीरही त्यांनीच दिला. गाठ साधी निघाली. पण ते आठ दिवस मी कसे काढले असते, कोण जाणे. एकीनं मला बोलतं केलं, दुसरीनं दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. यातली खरी मैत्रीण कोणती आणि फोनवरची कोणती, सांगा बघू?

‘न बघितलेल्या माणसाशी कसली मैत्री?’ असं म्हणणाऱ्यांना मी आमच्या शेजारच्या कल्याणची गोष्ट सांगते. तिथं १८६५ मध्ये जन्मलेली यमुना म्हणजेच आपल्या आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि दहा दिवसांत मूल गेलेलं. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. समोरचं मासिक चाळताना त्यांनी ते वाचलं आणि १८८०मध्ये या अनोळखी मुलीला पत्र धाडलं. दोघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा, वयात मोठं अंतर. पण पत्रं सुरू झाली. आनंदीबाईंची तब्येत बिघडली तेव्हा कार्पेंटरबाईंनी तिकडून औषधं पाठवली. जवळजवळ तीन वर्षं दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. १८८३मध्ये आनंदीबाई पतीशिवाय बोटीनं अमेरिकेला गेल्या, त्या याच मावशीच्या घरी. १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षाआधीच गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्या बाईंनी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. कागदावर सुरू झालेली ओळख शेवटी घरच्या माणसांत जाऊन विसावली!

म्हणून ओळख तळ्याकाठी झाली की फोनवर, याला मी फार महत्त्व देत नाही. अडचणीत कोण विचारपूस करतं आणि विचारल्यावर कोण उठून उभं राहतं, एवढंच बघते. रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवणं म्हणजे मैत्री नव्हे. आणि हो, डोळे उघडे ठेवायलाच हवेत. फोनवरच्या माणसानं पैसे, फोटो किंवा ओटीपी मागितला की तिथंच थांबायचं. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. पण चार फसवे आहेत म्हणून दारच बंद करायचं नाही.

आपल्या आज्यांनी मंगळागौर, भोंडला, हळदीकुंकू हे सगळं जपलं. चूल सोडून बाईला बाईजवळ बसता यावं, याची ती सोय होती. पुरुषांना कट्ट्यावर जायला कारण लागत नाही, आपल्याला अजूनही लागतं. घरात कामं वाढली की पहिली काट आपण मैत्रिणीवर मारतो.

आता पुन्हा त्या यादीकडे येते. ताईंचे यजमान २०२१मध्ये कोविडनं गेले. हळदीकुंकवाचं बोलावणं केलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘‘मी कशी येऊ गं? बाकीच्या काय म्हणतील?’’ मला गलबलून आलं. जिनं माझ्या बांगड्या सांभाळल्या, तिला मी उंबऱ्याबाहेर ठेवू? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक अख्खं गाव हे करू शकतं, मग माझं दोन खोल्यांचं घर का नाही?

यंदा पहिलं कुंकू, पहिलं वाण ताईंना. घरात सांगून टाकलंय, शेजारणींनाही सांगितलंय. दोघींनी नाकं मुरडली, चालायचंच. ताई अजून ‘बघू’ म्हणतात, पण यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर आहे. बार्शीचं वाण कुरिअरनं गेलंसुद्धा.

तुम्हीही यंदा यादी करायला बसाल तेव्हा घाई करू नका. वर्षभरात कुणी तुमच्यासाठी रांगेत उभं राहिलं, कुणी रात्री अकराला उत्तर दिलं, ते आठवा. आणि जिचं नाव रीत म्हणून गाळलं जातं, तिचं आधी लिहा. तिळगूळ घ्या, गोड बोला, हे आपण दरवर्षी म्हणतोच. यंदा ते तिच्या घरी जाऊन म्हणूया.