नौकेचे लेणे आणि नदीचे देणे

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नद्यांचे काठ एका वेगळ्याच उद्योगाने गजबजून जातात. १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारीबंदी सुरू झाली म्हणजे मालीम, कुटबण, शापोरा येथील ट्रॉलर धक्क्याला लागतात, काही काठावर ओढून घेतले जातात आणि वर्षभर पाण्यात बुडून राहिलेला त्यांचा तळ उघडा पडतो. त्यावरील शेवाळ खरवडणे, घट्ट चिकटलेले शिंपले काढणे, फटी बुजवणे आणि रंगाचा नवा हात देणे ही कामे आमच्या खारवी बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. परंतु याच जुन्या कामाच्या शेजारी आता एक नवा धंदा उभा राहू लागला आहे. सहलीच्या नौका, शिडाच्या यॉट आणि वेगवान मोटारबोटी धुऊन, घासून, पॉलिश करून, त्यांवर मेणाचा थर चढवून त्यांना नव्याचे रूप देण्याचा हा धंदा. मोटारगाड्यांच्या व्यवसायातून आलेला ‘डिटेलिंग’ हा शब्द त्यालाही चिकटला आहे. या धंद्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र त्या स्वागताला एक अट आहे आणि ती सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

श्रीमंतांच्या खेळण्यांना चकाकी आणण्याचे काम ते काय, असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. आमच्या समाजाला सफाईचे काम करणाऱ्याकडे खालच्या नजरेने पाहण्याची जी जुनी खोड आहे, तीच येथे वेष पालटून बोलते. वस्तुतः हे काम कौशल्याचे आहे. आजच्या बहुतेक लहान नौका फायबरग्लासच्या असतात आणि त्यांच्या अंगावर ‘जेलकोट’ नावाचा राळेचा पातळ थर असतो. उन्हातील अतिनील किरण आणि खारे वारे यांमुळे हा थर हळूहळू निस्तेज होतो, बोट फिरवले तर खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते. ही भुकटी तशीच ठेवून वर मेण फासले तर त्याचा काही उपयोग होत नाही. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवावे लागते, मग घासणीच्या लेपाने आणि फिरत्या यंत्राने मेलेला थर उतरवावा लागतो, त्यानंतर बारीक पॉलिश आणि सर्वांत शेवटी मेण. यंत्र एका जागी क्षणभर अधिक रेंगाळले तर जेलकोट जळतो. दरवर्षी गरजेपेक्षा अधिक घासले तर तो झिजून आतले कापड दिसू लागते. सागवानी फळ्यांची डेक असेल तर ताठ ब्रशाने रेषांच्या दिशेने घासणे म्हणजे मऊ लाकूड उकरून काढणे होय. किती घासावे यापेक्षा कोठे थांबावे हे ज्याला कळते तोच या कामातला जाणता. असा जाणता माणूस कारागीरच होय, आणि त्याला कारागिराचाच मान मिळावयास हवा.

लाकडाला, होडीला, गलबताला जपणे ही विद्या आम्हाला परकी नाही. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेल्या फळ्यांचे जहाज गोव्यातच बांधले गेले. एकही खिळा न ठोकता काथ्याने शिवलेल्या त्या जहाजाच्या सांध्यांना राळ आणि माशाचे तेल यांचा लेप दिला गेला. ज्या तेलाच्या वासाने शहरी माणूस नाकाला रुमाल लावतो, त्याच तेलाने आमच्या पूर्वजांच्या रापणीच्या होड्या खाऱ्या पाण्याला पुरून उरल्या. आधुनिक विद्येतही आम्ही मागे नाही. दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ने २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांना एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवली, आणि तिच्याच बहिणीने, ‘तारिणी’ने, २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना गोव्याहून नेऊन गोव्यात सुखरूप परत आणले. जेथे अशा नौका बांधल्या जातात तेथे त्यांची निगा राखणारे हातही तयार व्हावेत, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

हातांची तर उणीव नाहीच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी प्रथम थांबल्या, मध्यंतरी सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. तेव्हा मांडवी-जुवारीत खनिज वाहणाऱ्या बार्जेस काठाला गंजत उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर काम करणारे खलाशी, वेल्डर, रंगारी घरी बसले. लिलावानंतर काही पट्ट्यांत काम पुन्हा चालू झाले असले, तरी एका खनिजावर सर्वस्व टाकण्याचा धडा आम्ही विसरता कामा नये. नदीशी नाते असलेल्या या माणसांना दुबई वा मुंबई गाठण्याऐवजी आपल्याच काठावर चार पैसे मिळवून देणारा धंदा निघत असेल, तर त्याला नाट लावण्याचे कारण नाही.

येथवर सारे गोड झाले. परंतु नौकेला दोन अंगे असतात, एक पाण्यावरचे आणि एक पाण्याखालचे. मेण आणि पॉलिश वरच्या अंगाचे. खालच्या अंगाला जो रंग लावतात तो शोभेसाठी नसतो. शेवाळ, शिंपले आणि बार्नेकल यांनी तळाला चिकटू नये म्हणून त्यात मुद्दाम विष घातलेले असते. आज हे विष बहुधा तांब्याच्या संयुगाचे असते. पूर्वी त्यात ट्रायब्यूटिलटिन नावाचे कथिलाचे संयुग वापरत. फ्रान्समधील आर्काशों उपसागरातील कालवांची शेती १९७० नंतरच्या दशकात या संयुगाने जवळजवळ बुडवली; शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या, पिल्ले जगेनात. तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नौकांवर त्याला बंदी घातली. जगाला तेवढे शहाणपण येण्यास आणखी काळ लागला. आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि तो अमलात आला २००८ मध्ये. सायब्यूट्रिन या दुसऱ्या एका द्रव्यावरील बंदी तर २०२३ मधली. तांब्याच्या बाबतीतही अमेरिकेतील सॅन डिएगो येथील अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये शेल्टर आयलंडच्या यॉट-तळावर नौकांच्या रंगातून पाण्यात उतरणाऱ्या तांब्याला मर्यादा घालून दिली. ही उदाहरणे आम्ही परदेशाचे कौतुक म्हणून देत नाही. जे त्यांना पोळल्यावर कळले, ते आम्हास न पोळता कळावे, एवढाच हेतू आहे.

आता आमच्या काठावर काय घडते ते पाहावे. गेल्या उन्हाळ्यात एका आवारात आम्ही घटकाभर उभे होतो. वरच्या अंगाला एक तरुण मोठ्या तन्मयतेने मेण चोळीत होता आणि त्याच नौकेच्या तळाखाली दुसरा उताणा पडून जुना लाल रंग यंत्राने खरवडीत होता. त्याच्या तोंडावर मास्क नव्हता, एक मळका रुमाल होता, हातमोजे नव्हते, पापण्यांवर लाल धूळ बसली होती. खाली उघडी माती. संध्याकाळी रबरी नळीने सारे आवार धुतले गेले, आणि ते तांबूस पाणी उतारावरून सरळ नदीत गेले. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर ओहोटीच्या वेळी बायका तिसऱ्या आणि खुबे वेचीत होत्या. मालकाला विचारले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “नदी मोठी आहे, भरती आली की सगळे वाहून जाते.”

भरती वाहून नेते हे खरे, पण ती कोठे नेते? मांडवी आणि जुवारी या खाड्या आहेत. भरतीने आत ढकललेले ओहोटीने पुरते बाहेर जातेच असे नाही. जड कण चिखलात बसतात आणि चिखल गाळून पोट भरणारे शिंपले ते आपल्या अंगात साठवतात. चिखलीच्या उपसागरातील ज्या शिंपांच्या पारदर्शक चकत्या आमच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत चांदण्यासारखा उजेड देत, त्या शिंपाही याच चिखलातल्या. नदीला मोठी म्हणणे ही तिची स्तुती नसून आपल्या आळसाची सबब आहे.

दुसराही एक धोका ध्यानात घ्यावयास हवा. दूरदेशीहून आलेल्या नौकेच्या तळाला तिकडचे जीवही चिकटून येतात. मूळची मध्य अमेरिकेकडील एक काळ्या पट्ट्यांची शिंपली १९६० नंतरच्या दशकात विशाखापट्टणम बंदरात आढळली आणि तिने तेथे बस्तान बसवले. तीच शिंपली १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे दिसली, तेव्हा तेथील सरकारने तीन नौकातळ तत्काळ बंद करून, त्यांतील पाण्यात औषध घालून तिचा नायनाट केला. परक्या नौकेचा तळ आमच्या नदीत खरवडणे म्हणजे अनोळखी बियाणे आपल्याच शेतात पेरणे होय.

मग हा धंदा बंद करावा काय? मुळीच नाही. स्वच्छ तळाची नौका पाणी सहज कापते आणि डिझेल कमी पिते; ते ट्रॉलरवाल्याच्या खिशाच्याही हिताचे आहे. आमचे म्हणणे एवढेच की धंदा रांगेला लावावा. खरवडण्याचे काम काँक्रीटच्या फरशीवरच व्हावे, फरशीला उतार देऊन पाणी टाकीत जमावे, गाळ बसू द्यावा आणि तो घातक कचरा म्हणून नियमाप्रमाणे उचलला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ पासून आहे. काम करणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि चष्मा देणे ही मालकाची मेहेरबानी नसून जबाबदारी आहे. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत या कामाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम निघावा आणि त्यात पॉलिशच्या जोडीला विषारी द्रव्यांची ओळखही शिकवली जावी. वरचे अंग धुण्यासाठी नळाचे पाणी वारेमाप सोडण्यापेक्षा पावसाचे पाणी साठवून वापरावे. एप्रिल-मे महिन्यांत ज्या वाड्यांवर घागरींच्या रांगा लागतात, त्यांच्या डोळ्यांदेखत यॉटला दोन-दोन स्नाने घालणे शोभत नाही.

एवढा खर्च लहान माणसाला कसा झेपावा, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. चार होड्या धुऊन पोट भरणाऱ्या तरुणाला काँक्रीटची फरशी आणि टाक्या बांधा असे सांगणे म्हणजे धंदा सोडा असेच सांगणे होय. परिणामी धंदा धनवंतांच्या हाती जाईल आणि ज्याच्यासाठी आम्ही बोलतो आहोत तोच बाहेर फेकला जाईल. म्हणून मांडवी, जुवारी, शापोरा आणि साळ या चार नद्यांवर सरकारने प्रत्येकी एक सामायिक आवार बांधावे आणि माफक भाडे आकारून ते सर्वांना खुले करावे. मच्छीमारांच्या होड्यांना भाडे कमी, कॅसिनोच्या आणि सहलीच्या नौकांना अधिक, असा भेद करण्यासही हरकत नसावी. नदीच्या जिवावर जो अधिक मिळवतो त्याने तिच्यासाठी अधिक द्यावे, यात अन्याय कसला? धक्के बांधण्यास पैसा मिळतो, मग धक्क्यावरची घाण अडवण्यास तो का मिळू नये?

त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापूरच्या काठावर लोक हौसेने नौका सजवून वाळवंटीच्या पाण्यावर दिव्यांसह सोडतात. सांजाँवच्या दिवशी शिवोलीच्या ओढ्यात शृंगारलेल्या होड्या निघतात. नौका नटवण्याची हौस आमच्या रक्तातच आहे, ती कोणी हिरावून घेऊ नये. पण या दोन्ही सोहळ्यांत नौकेइतकाच मान पाण्याचाही असतो. ज्या पाण्यावर ती नौका मिरवायची, त्याच पाण्यात तिची घाण सोडायची, हा शृंगार नव्हे. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी निदान एका नदीवर तरी असे सामायिक आवार उभे राहिले, तर नौकेचे लेणे आणि नदीचे देणे या दोहोंचाही हिशेब चुकता करण्याचा आरंभ झाला, असे आम्ही मानू.